अखाजीच्या आधीची नळी

मालक वारले त्या दिवशी मी शाळेत होते. शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला आणि घरी बोलावलंय म्हणाला. मी खडू ठेवला आणि घरी आले. ते ओसरीवर होते. आत्याबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. अंगणात मोटार उभी होती आणि तिच्यातलं पाणी काढलेलं होतं.

मालक म्हणजे माझे घरमालक. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मास्तर-मास्तरणींच्या बदल्यांचे हुकूम नागपूरहून निघत. तशाच एका हुकुमावर मी बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत आले आणि मला राहायला जागा मिळेना. एकट्या बाईला खोली द्यायची म्हणजे लोक आधी माहेर विचारायचे, मग सासर, मग माझ्या कपाळाकडे बघून गप्प व्हायचे. मालकांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या गावचं पाणी खारं का गोडं?"

मी पूर्णेच्या खोऱ्यातली. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. खारं, असं मी म्हणाले.

"मंग तुमाले समजीन," ते म्हणाले, आणि परसाकडची खोली उघडून दिली.

मला काय समजायचं होतं ते पुढच्या आठवड्यात कळलं. ओसरीच्या कोपऱ्यात दोन रांजण होते. एकातलं पाणी विहिरीचं, ते घरच्यांनी प्यायचं. दुसऱ्यात पावसाळ्यात पत्र्यावरून उतरलेलं पाणी, चार पदरी धोतराच्या फडक्यातून गाळून, उकळून, निववून ठेवलेलं. ते मोटारीचं. त्या रांजणाला हात लावलेला मालकांना खपत नसे. आत्याबाई, म्हणजे त्यांच्या थोरल्या विधवा बहीण, आल्यागेल्याला सांगायच्या की या घरात माणसाला विहीर आणि मोटारीला मेघराजा. पण आषाढात रांजण भरायला त्याच पहिल्या उठायच्या.

मोटार जुनी होती. बदली होऊन गेलेल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरकडून घेतलेली. तिचा टप फाटला होता, गाद्यांतून कापूस बाहेर आला होता आणि मागच्या सीटवर आत्याबाईंची कोंबडी अंडी घालायची. मालकांना त्याचं काही नव्हतं. मोटारीला रंग द्यावा, पितळ घासावं, हे त्यांच्या मनात कधी आलं नाही. त्यांचा सगळा जीव तिच्या पाण्यात होता. पुढची जाळी, तिच्यातल्या बारीक नळ्या, इंजिनाकडून गरम पाणी वर आणणारी रबरी नळी आणि थंड पाणी खालून परत नेणारी दुसरी. याच्यापलीकडची मोटार त्यांनी जणू बघितलीच नव्हती.

कापसाच्या हंगामात नांदुऱ्याकडे जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायची आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी रुईने पांढऱ्या व्हायच्या. ती रुई जाळीत अडकते आणि वारा आत जात नाही. घरी आलं की मालक मोराचं पीस घेऊन बसायचे आणि आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे एकेक धागा काढायचे. उलटं केलं तर रुई आत जाऊन बसते. मी वह्या तपासत ओसरीवर बसलेली असायचे. बोलणं फार होत नसे. संध्याकाळ जायची.

वर्षातून एकदा ते खालची तोटी उघडून सगळं पाणी सोडायचे. आधी तांबूस, मग पिवळट, मग हळूहळू नितळ. नितळ झालं की काचेच्या पेल्यात धरून उजेडात बघायचे आणि चक्क घोटभर तोंडात घ्यायचे. चूळ थुंकून सांगायचे, "लोखंड उतरते अजून." पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा सोडायचं. आत्याबाई म्हणाल्या होत्या, एवढं औषध वहिनीला चाखून दिलं असतं तर ती जगली असती. मालकांनी पेला पुन्हा तोटीखाली धरला. त्यांना एक मुलगी, तिच्या लहानपणीच बायको गेली होती.

त्यांना दाबून बघायची सवय होती. रबरी नळी चांगली की गेलेली हे अंगठ्याने दाबून कळतं. दाबल्यावर उसळून परत आली पाहिजे, मऊ पडलेली किंवा कडक झालेली कामाची नाही. ही परीक्षा ते वांग्यांची घ्यायचे, काकड्यांची घ्यायचे, पोस्टमनच्या सायकलची घ्यायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांची ओळख करून दिली, तर हात हातात घेऊन किंचित दाबला आणि मागून मला म्हणाले, मऊ आहे, टिकणार नाही. साहेबांची खरंच लवकर बदली झाली.

"नळी बाहेरून सडत नाई, बाई," ते म्हणायचे. "आतून सुटते. बाहेरून पाह्यली तं नवीकोरी." हे ते वकिलांबद्दलही म्हणायचे. स्वतः नागपूरला वकिलीचं शिकून आले होते, काही वर्षं कोर्टात उभेही राहिले होते. मग सोडलं. खोटं बोलायचा कंटाळा आला का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, नाही, उभं राहायचा. मोताळ्याकडे जमीन होती, ती बटाईने दिलेली, त्यावर घर चालायचं. कोर्टातली शुद्ध भाषा त्यांनी काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगली होती. घरी, दारी, अगदी डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतही ते आपलं वऱ्हाडीच बोलायचे.

तापलेल्या मोटारीचं झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. जाळीपासून वीतभर अंतरावर तळवा धरायचा आणि आच कमी होईपर्यंत बसून राहायचं. आत्याबाई रागावल्या की तसाच तळवा ते त्यांच्याकडे लांबून धरायचे.

"मी काय मोटार आहे का रे, भाऊ?"

"मोटार लवकर थंडी होते, अक्का."

मोटार निवायला राजूरच्या घाटात थांबलो की मला वाचायला सांगायचे. माझ्या पिशवीत पुस्तक असायचंच. सालईच्या झाडाखाली दगडावर बसून मी मोठ्याने वाचायचे. ते ऐकतात की नाही हे कळायचं नाही, पण पान उलटताना मी जरा रेंगाळले की डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायचे, "हं, पुढं." अजूनही एखादं चांगलं पुस्तक हातात आलं की पानाच्या शेवटी मी थांबते. मग लक्षात येतं आणि पान उलटते.

पण सगळं वर्ष ज्याची तयारी चालायची तो दिवस अखाजीचा. वैशाखातली अक्षय्य तृतीया, आमच्याकडे हा सण लेकींचा. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या खातात. आणि नेमकं तेव्हाच ऊन असं असतं की राजूरचा घाट चढताना नवी मोटारही उकळते. अखाजीच्या आधी मालक दोन्ही नळ्या बदलायचे. जुन्या चांगल्या असल्या तरी काढून टाकायचे. खामगावहून नवी रबरी नळी आणायची, धारेच्या सुरीने मापात कापायची, तोंडाला साबण लावून चढवायची, पट्टी आवळायची, पाणी भरून इंजिन चालवायचं, तापू द्यायचं, निवू द्यायचं आणि पुन्हा पट्टी आवळायची. हे करताना ते कुणाशी बोलत नसत.

आणि अखाजीच्या आदल्या दिवशी ते मोटार घेऊन घाट उतरायचे, नांदुऱ्याच्या स्टेशनावर, नागपूरकडून येणाऱ्या गाडीला. मुलगी नागपूरला दिलेली होती. तिच्यासोबत परत येताना बाईमाणूस पाहिजे, म्हणून मला बरोबर घ्यायचे.

स्टेशनात ते स्वतः येत नसत. मोटारीपाशी उभे राहायचे, तळवा जाळीवर ठेवून. मी फलाटावर जायचे आणि बायकांचा डबा बघायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं, गाडी चुकली असेल. बाहेर येऊन मी मान हलवली. ते म्हणाले, "मंग पाणी पाहू. आता चढण आहे." डब्यातून आणलेलं गोडं पाणी त्यांनी भरलं, कारण नांदुऱ्याचं खारं पाणी मोटारीला चालत नसे, आणि आम्ही परत आलो. मागच्या सीटवर आत्याबाईंनी अंथरलेली स्वच्छ सतरंजी तशीच होती. दुसऱ्या वर्षीही असंच झालं. तिसऱ्या वर्षीही. फलाटावरून बाहेर येताना मी रेंगाळायला लागले. त्यांनी मान हललेली पाहू नये असं वाटायचं, आणि ती हलवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी आत्याबाईंना विचारलं. भाजी निवडता निवडता त्यांनी सगळं सांगितलं.

लग्नाच्या वेळी व्याही नागपूरहून गाडीने आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांना आणायला मालक स्वतः मोटार घेऊन गेले. वरची नळी मऊ पडली आहे हे त्यांना माहीत होतं, पण एवढं लग्न निघून जाईल असं ते म्हणाले होते. घाटाच्या मध्यावर नळी फुटली. मालकांनी उपरणं फाडून आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून ती बांधली. आता पाणी हवं होतं, आणि जवळपास पाणी नव्हतं. व्याह्यांना परगावचं पाणी बाधायचं, म्हणून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक सुरई घरून आणली होती. ते जरा सावलीला गेले होते. मालकांनी ती सुरई उचलली आणि सगळी मोटारीत रिकामी केली. व्याही परत आले, बसले, पाणी मागितलं. मालक म्हणाले, तुमचंच पाणी तुम्हाला वर घेऊन चाललं आहे.

व्याही हसले नाहीत. लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी त्यांनी चारचौघांत सांगितलं की मुलगी आता आमची झाली, तुम्ही आमच्या दारापर्यंत येण्याची तसदी घेऊ नये. मालक "बरं" म्हणाले. तेव्हापासून ते गेले नाहीत आणि मुलगी आली नाही.

"नळी बदलली असती तं झालं नसतं, एवढंच घेऊन बसला तो," आत्याबाई म्हणाल्या.

मग लढाई आली. मलाया पडलं आणि रबर मिळेनासं झालं. पेट्रोलला चिठ्ठ्या लागल्या, प्रवाशांच्या सर्विस मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून धुराच्या लोटात घाट चढू लागल्या. मालकांनी शेवटची नळी जपून वापरली. आणि त्याच सुमारास नागपूरहून निरोप आला. व्याही आदल्या वर्षी वारले होते. जावई अखाजीला मुलीला आणि नातवाला गाडीत बसवून देणार होते.

निरोप ऐकून मालक उठले, मोटारीपाशी गेले आणि वरची नळी अंगठ्याने दाबली. ती उसळून आली नाही.

खामगाव झालं, अकोला झालं, नळी मिळाली नाही. सर्विस मोटारने आणू, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा बोलले नाही. दोन दिवस ते ओसरीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी शेतावर गेले आणि येताना विहिरीवरच्या मोटेची सोंड घेऊन आले. मोटेच्या खालच्या तोंडाला चामड्याची नळी असते, पाणी तिच्यातूनच थारोळ्यात पडतं. वर्षानुवर्षं पाणी नेणारं कातडं, याच्यापेक्षा भरवशाचं काय असणार? मोटा शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून त्यांनी ती मापात दुहेरी शिवून घेतली, जवसाच्या तेलात भिजवली, मेण चोळलं आणि चढवली. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. आता चपलाही रांजणात ठेवा म्हणाल्या. पण बंबातलं गरम पाणी ओतून बघितलं तर थेंब गळला नाही. त्या वर्षी मालकांना शीळ घालताना मी पहिल्यांदा ऐकलं.

फलाटावर ती मला लगेच ओळखू आली. बापाचंच कपाळ. कडेवर पोरगं, हातात पिशवी. मी बाहेर तिच्यासोबत आले, मान हलवायची गरज पडली नाही. मालकांनी जाळीवरचा हात काढला, मुलीकडे पाहिलं, नातवाच्या दंडाला अंगठ्याने दाबून पाहिलं. "चांगला आहे," म्हणाले.

मोताळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. घाट लागला आणि थोड्या वेळाने वास यायला लागला. कातडं शिजल्याचा वास. मालक मोटार चालवत राहिले. मग मोटारीच्या पुढून वाफेचा लोट उठला आणि उकळतं पाणी रस्त्यावर सांडून मातीत गेलं. सोंड आकसून, वेटोळं होऊन नळाच्या तोंडावरून निसटली होती.

आम्ही उतरलो. मुलाला मी मांडीवर घेतलं, ते झोपलं होतं. मालक मोटारीसमोर उभे होते.

"यंदा रबर नाई भेटलं," ते मुलीला म्हणाले. "दरसाल नवी लावत होतो. आन् ज्या साली तू आली, त्याच साली हे."

"दरसाल म्हंजे?"

"अखाजीले. येत होतो ना मी नांदुऱ्याले, तुले न्यायले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी होकार दिला. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"मी दाराशी बसत होती, बाबा," ती म्हणाली. "शेजारच्या समद्या सुनाईचे मुराळी यायचे. माह्यी पिशवी भरून असायची. मामंजी म्हनत, कोनी न्यायले आलं तं खुशाल जाय. कोनी आलंच नाई."

"त्याईनंच येऊ नका म्हटलं होतं."

"लग्नातलं बोलनं कोनी धरून बसते का?"

"टेसनावर येत होतो मी."

"टेसन काय माहं दार होतं, बाबा?"

मालकांनी तळवा जाळीपुढे धरला. आता तिथे काही निवायचं नव्हतं, पाणी केव्हाच गेलं होतं. तरी तो तसाच धरून त्यांनी विचारलं, "लय राग होता का त्याईले? पाण्याचा?"

ती हसली. हसता हसता पदराने डोळे पुसले. "राग? आल्यागेल्याले सांगत. माह्या व्याह्यानं माहं पानी मोटारीले पाजलं म्हून. सांगता सांगता ठसका लागायचा त्याईले. मरेपर्यंत सांगत होते."

मालक खाली बसले. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. ते सगळं पाणी प्यायले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी घाटाच्या खालच्या शेतांकडे बघत राहिले.

शेवटी खालून येणाऱ्या दोन गाडीवानांनी बैल जुंपून मोटार ओढली. वस्तीवरची पोरं ओरडत मागे लागली. मालक मोटारीच्या मागून चालत होते, नातू खांद्यावर, मुलगी शेजारी. बुलढाण्यात शिरताना एका ओळखीच्या वकिलांनी विचारलं, हा काय प्रकार? मालक म्हणाले, मोटार माहेरी आणली.

पुढच्या वर्षी त्यांनी नळी शोधली नाही. मोटार बरेच दिवस उभी राहणार म्हणून तिच्यातलं पाणी सोडून दिलं, सांजोऱ्यांची टोपली घेतली आणि रेल्वेने नागपूरला गेले. मुलीच्या सासूने दारातच विचारलं म्हणे, आले का मुराळी, रस्ता सापडला का? येताना नांदुऱ्याहून कोळशाच्या सर्विस मोटारने आले. ती मोटार घाटात दोनदा उकळली. मालकांनी ड्रायव्हरला एक शब्दही सांगितला नाही, हे मुलगी मोठ्या कौतुकाने सांगायची. त्यानंतर प्रत्येक वर्षी ते जात राहिले. लढाई संपली, रबर आलं, त्यांनी नव्या नळ्याही आणल्या. तरी न्यायला जायचं ते रेल्वेनेच.

ज्या चैत्रात ते वारले, त्या वर्षीही जायची तयारी झाली होती. मोटारीतलं पाणी त्यांनी सकाळीच काढलं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. मुलगी परत सासरी गेली. अखाजी जवळ आली तेव्हा आत्याबाईंनी मला काही सांगितलं नाही. त्यांनी सांजोऱ्या केल्या, टोपलीत भरल्या आणि टोपली माझ्या खोलीत आणून ठेवली. माहेरचं मूळ, म्हणजे लेकीला न्यायचं बोलावणं, घेऊन जातो तो मुराळी: भाऊ, बाप, काका. मी त्या घरची कुणी नव्हते, आणि शुभाच्या दिवशी कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं असं माझं कपाळही नव्हतं. टोपलीकडे बघत मी बराच वेळ बसले. मग शाळेत रजा टाकली.

नागपूरला सासूबाईंनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं.

"कोन तुमी?"

"मी तिला न्यायला आले आहे," मी म्हणाले.

त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली. मग आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, तुह्यं मूळ आलं."

आता आत्याबाई नाहीत. त्या शेवटी दुसरबीडला मालकांच्या पुतण्याकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. घर पुतण्याने विकलं. मोटार त्याने कुणाला दिली, मला माहीत नाही. मी नोकरीतून निवृत्त झाले, दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहते. मालकांच्या लेकीची मुलं मोठी झाली आहेत आणि ती म्हणते, मावशी, तुम्ही कशाला येता, मी येईन बसने. वैशाख लागला की मी नागपूरला जाते, तिच्या दारात उभी राहते, आणि ती पिशवी घेऊन माझ्याबरोबर येते.